झोपेची मेरिट लिस्ट

सोमवारी सकाळी उल्काने हिरव्या डायरीत पहिली नोंद केली. पानावर चार रकाने होते: वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं आणि खाताना मन कसं होतं. तिने लिहिलं, सात चाळीस, कॉफी, एक मोठा मग. मनाच्या रकान्यापाशी ती अडखळली. मन कसं आहे हे बघायला वेळ कुणाला होता? बस यायला सहा मिनिटं उरली होती. तिने 'बरं' असं लिहून टाकलं आणि पळाली.

रात्रीपर्यंत पान भरलं. साडेदहाच्या मीटिंगमध्ये एक डोनट. पावणेअकराला आणखी एक, कारण बॉक्समध्ये तो एकटाच उरला होता. मग कॉफी, कॉफी, दुपारी कॉम्प्युटरसमोर चार बिस्किटं, पुन्हा कॉफी. संध्याकाळी घरी आल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या लेकीच्या डब्यात उरलेलं अर्धं सँडविच आणि दोन मुठी चिवडा. पावणेदहाला टीव्हीसमोर वरणभात. अकराला फ्रिज उघडा ठेवून त्याच्याच उजेडात कालचा पास्ता, गारच. शेवटच्या ओळीत झोप लिहायची होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिली: साडेतीन तास, तीही तुकड्यातुकड्यांनी.

मग तिने पान सलग वाचून पाहिलं आणि तिला घाम फुटला. हे कुणी वाचलं असतं तर? तिने पान फाडलं, त्याचे आठ तुकडे केले आणि रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात न टाकता साध्या कचऱ्यात टाकले. न जाणो, कुणी रिसायकल करताना वाचलं तर! त्यानंतर तेरा दिवस डायरी तशीच कोरी पडून राहिली.

ही डायरी तिने हौसेने मागून आणली होती. कॅनडात कोक्विटलाममधल्या रिक्रिएशन सेंटरमध्ये लेकीला, अनुयाला, पोहायला सोडताना तिला बोर्डावर एक पत्रक दिसलं होतं. युनिव्हर्सिटीतले लोक बायकांचं खाणं, मन आणि झोप यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते शोधत होते. पहिल्या भागात दोन आठवडे डायरी लिहायची. दुसऱ्या भागात सोळा बायकांना आठ आठवडे आहारतज्ज्ञ आणि झोपेचे तज्ज्ञ स्वतः मार्गदर्शन करणार होते. ते वाचून उल्काचे डोळे भरून आले. बोर्डासमोर रडायला लागण्याइतकी ती दमली होती.

जुलैपासून तिची झोप उडाली होती. बर्नाबीतल्या तिच्या ऑफिसमध्ये टेस्टिंगची निम्मी टीम नोकरकपातीत घरी गेली आणि उरलेल्यांवर दुप्पट काम पडलं. दिवसा ती कॉफीवर चालायची, रात्री छताकडे बघायची. फेब्रुवारीत ग्रोसरी स्टोअरमध्ये कार्टचं एक चाक अडकलं, तेवढ्यावरून ती टोमॅटोंसमोर उभी राहून हुंदके देऊन रडली. तेव्हा मात्र ती घाबरली. फॅमिली डॉक्टरने स्पेशालिस्टकडे रेफर केलं, पण नंबर लागणार होता ऑक्टोबरात. तोवर कसं निभवायचं, हे तिला कळत नव्हतं. त्या सोळा जणींमध्ये नाव लागलं असतं तर सगळाच प्रश्न सुटला असता.

आणि इथेच उल्काची गफलत झाली. पत्रकात लिहिलं होतं, 'डायरीच्या आधारे सोळा जणींची निवड होईल.' आता उल्का नागपूरची, दहावीला शाळेत दुसरी, बारावीला कॉलेजात तिसरी, पुढे इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर. निवड होणार म्हणजे काय होणार, हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. मेरिट लिस्ट लागणार! ज्यांची डायरी सगळ्यांत उत्तम, त्यांचा नंबर. झोप येत नाही म्हणून मदत हवी असेल, तर आधी आपण किती छान झोपतो हे दाखवून द्यायला हवं, यात काही विचित्र आहे असं तिच्या डोक्यातही आलं नाही. डायरी घेतलेल्या तिच्या मैत्रिणींपैकीही कुणाच्या आलं नाही.

डायऱ्या सोमवारी द्यायच्या होत्या. म्हणून रविवारी दुपारी चौघीजणी अरुणाताईंच्या घरी जमल्या. अरुणाताई सगळ्यांत मोठ्या, पन्नाशीच्या. त्यांनी बटाटेवडे केले होते.

"माझी सात दिवसांची राहिलीय," माधवी म्हणाली.

"माझी चौदा," उल्का म्हणाली.

"चौदाच तर दिवस होते!" अबोली किंचाळली.

अबोली पुण्याची, बोर्डात आलेली. ही गोष्ट तिने बाकीच्या तिघींना पुष्कळदा सांगितली होती. तिची डायरी दोन रंगांच्या पेनांनी भरलेली होती. सकाळी भिजवलेले बदाम, मग दलिया. दुपारी मुगाचं धिरडं, पालक, ताक. संध्याकाळी सव्वासातला हलकं जेवण. नऊनंतर टीव्ही बंद. झोप साडेसात तास. मनाच्या रकान्यात रोज निराळा शब्द होता: प्रसन्न, शांत, उत्साही, कृतज्ञ.

"कृतज्ञ?" अरुणाताई म्हणाल्या. "दलिया खाताना?"

"हो. का?"

"काही नाही गं. दे इकडे."

पुढचं सगळं इतकं सहज झालं की त्यात कुणाला काही वावगं वाटलंच नाही. चौघींनीही कॉलेजात प्रॅक्टिकलची जर्नलं अशीच पुरी केली होती. एका हुशार मुलीचं जर्नल मध्ये ठेवायचं, बाकीच्यांनी गोल करून बसायचं आणि आकडे थोडे इकडचे तिकडे करत उतरवून काढायचे. अरुणाताईंनी दलियाच्या जागी उपमा घातला, माधवीने पालकाच्या जागी मेथी घातली. वडे खात खात सगळ्या जणी काकडी आणि ताक लिहीत होत्या.

"हात पुसा गं! पानांना तेल लागतंय," अबोली ओरडली.

पाच दिवस उतरवून झाल्यावर उल्काने पेन खाली ठेवलं. तिच्यातली इन्स्ट्रुमेंटेशनवाली जागी झाली होती.

"असं नाही चालणार," ती म्हणाली. "सगळी रीडिंग्ज सरळ रेषेत येऊन राहिली आहेत. एक्झामिनर लगेच पकडतो. थोडी एरर टाकावी लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे एक रात्र वाईट दाखवा. चौदात एखादी. मग बाकीच्या तेरा खऱ्या वाटतात."

चौघींना हे एकदम पटलं. रात्र कोणती घ्यायची यावर चर्चा झाली. शनिवारी जागरण होतंच, जेवणही उशिरा होतं, म्हणून पहिल्या आठवड्यातला शनिवार ठरला.

"वेळ काय टाकू?" माधवीने विचारलं.

"अडीच टाक," उल्का म्हणाली.

हे फक्त माधवीला सांगितलं होतं, पण ऐकलं सगळ्यांनी. चार पेनं कागदावर चालली. रात्री अडीचला जाग आली, असं चौघींनी लिहिलं. पुढचा तपशील मात्र जिने तिने आपापला घातला. उल्काने कोमट दूध प्यायलं, माधवीने पुस्तकाची चार पानं वाचली, अरुणाताईंनी नामस्मरण केलं. अबोलीने आपल्या डायरीत व्हाइटनर लावून श्वासाचे व्यायाम घातले. सोमवारी चारी डायऱ्या वेळेवर गेल्या. उल्काच्या डायरीच्या मागच्या पुठ्ठ्यावर वड्याचा एक तेलकट डाग होता, तेवढाच काय तो खरा पुरावा.

दहा दिवसांनी फोन आला. युनिव्हर्सिटीच्या त्या कामाची सगळी व्यवस्था बघणारी शेरिल बोलत होती. आवाज मोठा उत्साही होता.

"उल्का, आय हॅव वंडरफुल न्यूज!" ती म्हणाली. "तुला दुसऱ्या भागात यायची अजिबात गरज नाही. तो त्रास असलेल्या बायकांसाठी आहे. तू तर इतकी छान जेवतेस, इतकी छान झोपतेस!"

उल्का खुर्चीत बसली. खुर्ची मागे आहे की नाही हेही तिने पाहिलं नव्हतं.

"म्हणजे... माझं सिलेक्शन नाही?"

"उलट! आम्ही एप्रिलमध्ये रिक्रिएशन सेंटरला एक कार्यक्रम ठेवलाय. चाळीसेक बायका येतील. त्यांना तू सांगायचंस, तू काय खातेस, कधी खातेस, आणि तुला इतकी गाढ झोप कशी लागते ते. तुझी डायरी आम्हाला सगळ्यांत आवडली. त्यात एक प्रांजळपणा आहे. एका वाईट रात्रीबद्दल किती मोकळेपणाने लिहिलंस!"

जे औषध हवं होतं ते मिळवण्यासाठी आजार लपवला आणि आता तिच्यावर तब्येतीबद्दल भाषण करायची वेळ आली होती. नवऱ्याला, जयदीपला, सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला.

"सांगून टाक ना खरं. फोन कर आणि सांग."

"आणि बाकीच्या तिघी? चौघींचं नाव जाईल. म्हणतील, या इंडियन बायका कॉपी करतात."

"केलीच आहे ना पण?"

"तेच तर म्हणून राहिले मी!"

अनुया सोफ्यावरून मान न वळवता म्हणाली, "मॉम, यू वुड ग्राउंड मी फॉर दिस." हेच तिने केलं असतं, तर आईने तिला महिनाभर घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. ती पंधरा वर्षांची होती आणि तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. म्हणूनच उल्काने तिला खोली आवरायला पाठवलं.

अबोलीचा फोन आला तो निराळ्याच कारणाने. "तुला बोलावलं आणि मला नाही?" ती म्हणाली. "ओरिजिनल माझी होती!"

"अगं, तूच जा माझ्याऐवजी. मी शेरिलला सांगते."

"मी कशाला जाऊ? मला बोलावलं नाही. कॉलेजात पण हेच व्हायचं. माझं जर्नल उतरवणाऱ्या सुनीतीला दहापैकी नऊ आणि मला आठ." वीस वर्षांपूर्वीचा तो एक मार्क तिच्या मनातून अजून गेलेला नव्हता.

पुढचे तीन आठवडे उल्काने भाषणाची तयारी केली. गाढ झोप कशी लागते, या विषयावरची वाक्यं ती रात्री जागून पाठ करत होती. साडेतीन तासांची झोप अडीचवर आली आणि दिवसाची कॉफी चारवरून सातवर गेली. एका सकाळी तिने कॉफीच्या मगात दुधाऐवजी ताक ओतलं आणि अर्ध्याहून जास्त प्यायल्यावर तिच्या ते लक्षात आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी बाकीच्या तिघीही आल्या. अरुणाताई आणि माधवी धीर द्यायला म्हणून आल्या आणि अबोली काय होतंय ते बघायला. हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि कॉफीच्या टेबलावर गाजराच्या कांड्या होत्या. चिनी, कोरियन, पंजाबी, इराणी, गोऱ्या अशा चाळीसेक बायका बसल्या होत्या. उल्काने पहिल्याच दृष्टिक्षेपात ओळखलं की यातल्या निम्म्या जणी रात्री छताकडे बघत असणार. डोळ्यांखालची ती काळी वर्तुळं तिच्या चांगल्या परिचयाची होती.

तिच्या भाषणाआधी शेरिलने पडद्यावर तारखांसकट एक आलेख दाखवला.

"नावं सांगत नाही," ती म्हणाली, "पण या एकाच कम्युनिटीतल्या चार बायका आहेत. बघा, किती स्थिर झोप! आणि एक गंमत बघा. आठवड्याच्या शेवटी चौघींची रेघ एकदम खाली आलीय. चौघींनाही एकाच रात्री, बरोबर अडीच वाजता जाग आली. चार वेगवेगळ्या घरांत! आमची सगळी टीम यावर विचार करतेय. उल्का, त्या रात्री तुमच्याकडे काही सण होता का?"

उल्का गाजराच्या कांड्यांकडे बघायला लागली. तिच्या मदतीला दुसऱ्या रांगेतून अरुणाताई उठल्या.

"येस येस! होळी!" त्या म्हणाल्या.

"ओह! आणि होळीला रात्री उठतात?"

"एक्झॅक्टली अॅट टू थर्टी," अरुणाताई म्हणाल्या. आता माघार घेणं त्यांनाही शक्य नव्हतं. "मुहूर्त असतो. ऑस्पिशस टाइम."

शेरिलने कौतुकाने मान डोलावून कागदावर 'होळी, २.३०' असं लिहून घेतलं. उल्काला वाटलं, आता हे कुठल्या तरी जर्नलात छापून येणार. खऱ्या जर्नलात.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक हात वर झाला. सलवार कमीज आणि त्यावर जाड जॅकेट घातलेल्या पन्नाशीच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांचं नाव बलजीत. त्या बेकरीत रात्रपाळी करायच्या.

"बहनजी, बुरा मत मानना," त्या थेट अरुणाताईंना म्हणाल्या. "होली तो बुधवार को थी."

"वो क्या है, हमारे महाराष्ट्र में..." अरुणाताईंनी सुरुवात केली.

"और उस रात," बलजीत शांतपणे पुढे म्हणाल्या, "ढाई बजे ही नहीं थे."

ज्या बायकांना हिंदी कळत होतं त्या वळून बघायला लागल्या. बाकीच्यांसाठी बलजीतनी तेच इंग्रजीत सांगितलं. उन्हाळा जवळ आला की सरकारी नियमाने सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे होतात, ती मार्चमधल्या त्याच रात्री झाली होती. दोन वाजले आणि लगेच तीन झाले. दरवर्षी त्या रात्री त्यांची पाळी एका तासाने लवकर संपते, म्हणून त्यांच्या पक्कं लक्षात होतं. पावांची एक खेप राहूनच गेली होती.

शेरिलने पडद्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे आणि मग पुन्हा पडद्याकडे. हॉलमध्ये कुणीतरी गाजराची कांडी कडकन मोडली. उल्का कॅनडात अकरा वर्षं राहत होती. दर मार्चमध्ये ती घड्याळं पुढे करायची, नाही असं नाही. पण ज्या देशात घड्याळाला कधी कुणी हात लावत नाही तिथे वाढलेल्या माणसाच्या मनात हे भिनत नाही. रात्री अडीच वाजतात, एवढं तरी जगात पक्कं असेल असं तिने गृहीत धरलं होतं. तेही गेलं.

ती माइकपाशी गेली. हातातल्या पाठ केलेल्या भाषणाची तिने घडी घातली.

"ती डायरी खोटी आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "मी उतरवून काढली. अडीच ही वेळही मीच सांगितली, या तिघींचा त्यात दोष नाही. जुलैपासून मी रात्री तीन-साडेतीन तासांवर झोपलेली नाही. मी दिवसाला सात कॉफ्या पिते. मी बसून जेवत नाही. रात्री अकराला फ्रिजसमोर उभी राहून गार पास्ता खाते आणि मग झोप का लागत नाही म्हणून रडते. मला वाटलं, चांगली डायरी लिहिली तर तुम्ही मला मदत कराल." तिने घडी केलेला कागद खिशात सरकवला. "मला खरंच मदत हवी होती."

मग एक कोरियन बाई हळूच म्हणाल्या, "मी रात्री एकला आइस्क्रीम खाते. डब्यातूनच." इराणी बाईंनी सांगितलं, की त्या कारमध्ये बसून जेवतात, कारण घरात मुलं जेवू देत नाहीत. एक गोऱ्या आजी म्हणाल्या, की नवरा गेल्यापासून त्यांनी स्वतःपुरता स्वयंपाकच केलेला नाही, टोस्टवर भागतं, आणि रात्री रेडिओ लावून पडून राहतात. अर्धा तास बायका बोलतच राहिल्या. बलजीत सगळ्यांना गाजराच्या कांड्या वाटत फिरल्या. आपल्यामुळे हे सगळं झालं म्हणून त्यांना अपराधी वाटत होतं.

या सगळ्यात अबोली उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"माझी पण खरी नव्हती," ती मराठीतच म्हणाली, उल्काकडे बघून. "माझ्या फ्रिजवर तीन वर्षांपासून एक डाएट चार्ट लावलाय. तो उतरवला मी. मी पण झोपत नाही गं. मला गोळ्या घ्याव्या लागतात."

उल्का तिच्याकडे बघतच राहिली. बोर्डात आलेली अबोली! सात वर्षांची मैत्री, दर महिन्याला एकमेकींकडे जेवण, आणि दोघींपैकी एकीनेही हे दुसरीला सांगितलं नव्हतं. तिने जाऊन अबोलीचा हात धरला. अबोलीने तो सोडवून घेतला नाही.

शेरिल रागावली, पण जरा वेळच. चारी डायऱ्या बाद झाल्या. "पण मेमध्ये दुसरी बॅच आहे," ती म्हणाली. "पुन्हा लिहा. या वेळी खरं. आणि प्लीज, नीट लक्षात घ्या, ज्यांचं सगळं छान चाललंय त्यांना मी घेत नाही. ज्यांचं बिघडलंय त्यांना घेते."

"म्हणजे मेरिट लिस्ट खालून लागते?" माधवीने विचारलं.

"असंच समजा," शेरिल म्हणाली.

उल्काने या खेपेला शपथच घेतली. एकही नोंद खोटी नाही, एकही नोंद गाळायची नाही. आपली खरी डायरी इतकी भयंकर असणार की सोळांत नंबर नक्की, याबद्दल तिला शंका नव्हती.

मेच्या पहिल्या सोमवारी ती डायरी घेऊन ऑफिसला गेली. साडेदहाला डोनट आले. तिने एक उचलला आणि तिला आठवलं, की हा आता लिहायला हवा. बॅग जागेवर होती, डायरी बॅगेत, पेन जयदीपने घेतलेलं. वेळ, काय, किती, मन. एका डोनटसाठी चार रकाने. उल्का मुळातच लिहायची आळशी. तिने डोनट परत ठेवला. कॉफीचंही तसंच झालं. दिवसात सात वेळा 'कॉफी, एक मग, बरं' लिहिण्याचा इतका कंटाळा आला, की बुधवारपर्यंत ती दोनवर आली. येता जाता चिवड्याची मूठ तोंडात टाकायची सोय उरली नाही, कारण शेरिलने 'मूठ' हे माप चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. वाटीने मोजून चिवडा खायचा आणि मग तो लिहायचा, त्यापेक्षा सरळ सव्वासातला बसून जेवलेलं सोपं. पोळी, भाजी, वरण, भात, एकदाच लिहायचं आणि सुटायचं. संध्याकाळी उरलेला वेळ कसा घालवायचा म्हणून ती आणि अबोली नदीकाठच्या ट्रेलवर चालायला जायला लागल्या. चालताना अबोली मनातलं सगळं बोलायची आणि उल्काही बोलायची. ऑफिसातलं, घरातलं, जुलैपासूनचं सगळं.

जूनमध्ये शेरिलचा फोन आला.

"उल्का," ती जपून म्हणाली, "मी रागावणार नाही. फक्त खरं सांग. या वेळी कुणाची उतरवलीस?"

"कुणाचीच नाही! प्रत्येक अक्षर खरं आहे."

"दोन कॉफ्या. रोज सव्वासातला जेवण. पहिले चार दिवस सोडले तर साडेसात तास झोप. ही तर मार्चमधल्या डायरीपेक्षा चांगली आहे."

"मी तरी काय करू? लागून राहिली झोप!" उल्का मराठीतच ओरडली आणि मग तेच इंग्रजीत सांगितलं.

"घरातलं कुणी याची खात्री देऊ शकेल?"

उल्काने फोन जयदीपच्या हातात दिला. गेल्या काही दिवसांत आपल्याला कुणीतरी हे विचारावं, अशी त्याची फार इच्छा असावी.

"मॅडम, ती झोपते," तो कळकळीने म्हणाला. "साडेदहाला आडवी होते आणि दहा पस्तीसला घोरायला लागते. मी साक्षीदार आहे, कारण मी रात्रभर जागाच असतो. आम्ही हल्ली सव्वासातला जेवतो. अकराला मला भूक लागते. फ्रिज उघडतो तर आत काहीही उरलेलं नसतं." मग त्याने हळूच विचारलं, "तुमच्याकडे पुरुषांसाठी असं काही आहे का?"

"सॉरी," शेरिल म्हणाली. "ओन्ली विमेन. पण थँक यू, आता माझा विश्वास बसला."

अशा रीतीने उल्काचं नाव दुसऱ्यांदाही यादीत लागलं नाही. संध्याकाळी अबोलीचा फोन आला.

"उल्का, लागली गं लिस्ट!" ती म्हणाली. "सोळांमध्ये आहे मी. शेरिल म्हणाली, तुझी डायरी सगळ्यांत प्रामाणिक आणि सगळ्यांत वाईट. सगळ्यांत!" मग तिचा आवाज खाली आला. "मला फार गरज होती गं याची."

"माहितीये मला," उल्का म्हणाली आणि तिला मनापासून बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र थोडं लागलंच. आजवर तिने फॉर्म भरला आणि नाव आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. आता एकदा नाही, दोनदा झालं होतं. जेवणं झाली, ओटा आवरला, अनुया तिच्या खोलीत गेली. या गोष्टीचं एकदा नीट, सवडीने वाईट वाटून घ्यायचं असं ठरवून उल्का दिवा मालवून आडवी झाली, पण वाईट वाटायला सुरुवात होण्याआधीच तिला झोप लागली.